सासूबाईंना काळी पट्टी

जिवंत सासूला तिच्या तोंडावर मेलेली ठरवायची संधी जगात किती जावयांना मिळते? आणि मिळाली तर सोडणारे किती निघतील, हा विषय आपण इथे नको काढायला. चष्मेवाल्याला ती मिळाली. रविवारी सकाळी, शाळेच्या व्हरांड्यात, सरकारी अधिकाऱ्यासमोर, रीतसर मिळाली. आणि बिचाऱ्याला ती घेता येईना.

ते का, हे कळायला आधी चष्मेवाल्याचं घर बघायला हवं. घर सासूबाईंचं. घराखालचं चष्म्यांचं दुकान सासऱ्यांचं, म्हणजे ते गेल्यापासून सासूबाईंचं. दुकानासमोरची स्कूटर सासूबाईंच्या नावावर आणि तिची किल्ली सासूबाईंच्या उशीखाली. लग्नानंतर चष्मेवाला दोन बॅगा घेऊन या घरात आला होता. त्यातली एक 'फारच जुनी झालीय' म्हणून सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात भंगारात काढली. बाई वाईट नव्हत्या हो. जावयाला 'जावईबापू' म्हणायच्या, अहोजाहो करायच्या, पहिलं ताट त्याचं वाढायच्या. फक्त कुठल्याही बाबतीत त्याला काय वाटतं, हे विचारायचं त्यांच्याकडून राहून जायचं. आणि कुणी विचारतच नाही म्हटल्यावर माणसाला हळूहळू काही वाटेनासंही होतं. 'हो, आई' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर असे काही बसले होते की एकदा चौकात वाहतूक पोलिसाने लायसन्स मागितलं, तेव्हाही तोंडातून तेच बाहेर पडलं. पोलिसाने दंड न करताच सोडलं. तोही घरजावई असावा.

वॉर्डाच्या आपत्ती पथकातही त्याला धाडलं सासूबाईंनीच. दर इमारतीतून एक स्वयंसेवक हवा, अशी नोटीस लागली होती. पूर आला, आग लागली, भिंत पडली, तर अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत हातपाय हलवणारी चार माणसं गल्लीतच असावीत, असा त्यामागचा विचार. विचार सगळ्यांनाच पटला. इमारतीच्या बैठकीत तो पटून सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमचे जावई जातील. रविवारी ते रिकामेच असतात."

गेला. आणि तिथे एक नवल घडलं. पथकाला शिकवायला अग्निशमन दलातल्या एक मॅडम यायच्या. हसणं हा प्रकार त्यांनी नोकरीत रुजू होतानाच जमा करून टाकला असावा. त्यांनी जखमींची वर्गवारी शिकवली. एकदम पंचवीस माणसं जखमी झाली आणि हात चारच असले, तर आधी कुणाला उचलायचं? जो ओरडतोय त्याला? चूक. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. प्रत्येकापाशी क्षणभर थांबायचं, श्वास बघायचा, नाडी बघायची, सांगितलेलं कळतंय का बघायचं, मनगटाला रंगीत पट्टी बांधायची आणि पुढे सरकायचं. चालता येतंय त्याला हिरवी. थांबू शकेल त्याला पिवळी. थांबला तर जाईल त्याला लाल. आणि मान मागे करून श्वासाची वाट मोकळी केली तरीही श्वास नाही, त्याला काळी. काळी बांधली की मागे वळून बघायचं नाही.

हे ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरले. चष्मेवाल्याचा नाही. त्याचं निम्मं आयुष्य माणसांच्या डोळ्यांत बघत, भिंगं बदलत 'हे स्पष्ट की हे? आता? आणि आता?' असं विचारण्यात गेलं होतं. गिऱ्हाईक गोंधळतं, 'दोन्ही सारखंच' म्हणतं, पण त्याला उत्तर आधीच कळलेलं असतं. तेच डोळे इथे कामाला आले. घरी भाजी कुठली आणायची हे ज्याला ठरवता येत नव्हतं, तो माणूस इथे पंचवीस जिवांचा निवाडा भराभर करून मोकळा व्हायचा. मॅडम एकदा त्याच्याकडे बघून "हं" म्हणाल्या. पथकात तो पदवीदान समारंभच समजला गेला.

आता जुने पथकप्रमुख गाव सोडून मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांच्या जागी कोण, हे ठरायचं होतं. नावं दोन. एक चष्मेवाला, दुसरा जिमवाला. जिमवाल्याचे दंड हेच त्याचं भाषण. माणसं उचलायला तो केव्हाही तयार, ती जखमी असोत नसोत. मॅडमनी सांगून टाकलं, "मोठ्या रंगीत तालमीत ज्याची वर्गवारी बरोबर, तो प्रमुख."

चष्मेवाल्याला ते पद हवं होतं. किती हवं होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण आपण सांगू. पथकाचा केशरी अंगरखा ही त्याच्या अंगावरची एकच वस्तू होती, जी सासूबाईंच्या पैशाची नव्हती. तो अंगरखा तो स्वतः धुवायचा आणि स्वतः वाळत घालायचा. पद मिळालं असतं तर आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट त्याची त्याने मिळवलेली असती. बायकोला त्याने भीत भीत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "छान की. आईला विचारलंस?"

तालमीला खोटे जखमी हवे होते. पहिल्या वर्षी कुणी मिळेना. फुकटात कोण मरायला येतो? पण लाल पट्टीवाल्याला स्ट्रेचर, ॲम्ब्युलन्सची फेरी आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो, हे कळलं आणि मग रांग लागली. कोपऱ्यावरची पार्लरवाली जखमा रंगवायला बसायची, तिच्यापुढे घासाघीस चाले. "मला जरा मोठी जखम दे ना, शेजारणीला एवढी मोठी दिलीस." शाळेतले निवृत्त इतिहासाचे सर तर दरवर्षी भांडायचे. त्यांच्या वाट्याला सदोदित मुरगळलेला पाय. "आयुष्यभर लढाया शिकवल्या आणि मला साधं रक्त मिळू नये?" शेवटी कटकट नको म्हणून मॅडमनी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या हाताला जे येईल ते त्याचं नशीब. काळी मात्र कुणालाच नको असायची. एक आजी म्हणाल्या होत्या, "नको गं बाई, सुनेने बघितलं तर तिला सवय लागेल."

या वर्षी जखमींत एक नाव नवं होतं. सासूबाईंचं. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी जेवताना जाहीर केलं, "मी पण येणार आहे. बघू तरी जावईबापू रविवारी करतात काय."

"हो, आई," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

तालमीच्या दिवशी शाळेच्या कॅन्टीनमध्ये सिलिंडर फुटला, असं धरून चालायचं होतं. वर्गवारी करणाऱ्या दोघांना फाटकाबाहेर उभं केलं होतं. आत चिठ्ठ्या निघाल्या, रंग लागले, जखमी आपापल्या जागी आडवे झाले. मैदानाच्या कडेला दोरी बांधली होती आणि दोरीमागे नातेवाईक. चष्मेवाल्याची बायको सगळ्यांत पुढे. शिट्टी झाली. धुराच्या नळकांड्यांनी व्हरांडा पांढरा केला. जिमवाला तळमजल्याच्या डाव्या हाताला पळाला, चष्मेवाला उजव्या.

"ज्यांना चालता येतं त्यांनी उठून झाडाखाली जा," तो ओरडला. सहासात जण उठले. त्यांत मांडीचं हाड मोडलेला एक गृहस्थही उठून चालू लागला आणि वाटेत आठवण होऊन पुन्हा आडवा झाला. चष्मेवाल्याने त्याला पिवळी बांधली. मग त्याचा हात चालू लागला. चिठ्ठी वाच, श्वास, नाडी, "माझी बोटं दाबा", पट्टी, पुढे. पाठीमागे मॅडम वहीत खुणा करत चालल्या होत्या. त्याला त्यांचं भान नव्हतं. फार सुखात होता तो.

व्हरांड्याच्या वळणावर पाण्याच्या टाकीपाशी सासूबाई आडव्या होत्या. घरून आणलेली उशी डोक्याखाली, पायांवर शाल, चपला शेजारी जोडून ठेवलेल्या. स्फोटात सापडलेली इतकी नीटनेटकी बाई कुणी पाहिली नसेल. छातीवर चिठ्ठी होती. त्याने ती उचलली.

'श्वास नाही. मान मागे केल्यावरही नाही.'

त्याने पुन्हा वाचली. चिठ्ठीत काही बदल झाला नव्हता.

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "काय बघता?" त्या पुटपुटल्या. "लाल बांधा."

"आई, चिठ्ठीत तर..."

"चिठ्ठी खड्ड्यात गेली. चारचौघांत मला काळी बांधणार? दोरीमागे अख्खी इमारत उभी आहे."

चष्मेवाल्याने नियमाप्रमाणे त्यांच्या कपाळावर एक हात आणि हनुवटीखाली दोन बोटं ठेवली आणि मान मागे केली. ती मान आजवर भल्याभल्यांना वाकवता आली नव्हती, कशी ती मागे गेली कोण जाणे. त्याने कान नाकापाशी नेला.

"दुकान कुणाचं आहे?" नाकातून आवाज आला.

"तुमचं, आई."

"घर?"

"तुमचंच."

"मग?"

त्याचा हात लाल पट्ट्यांच्या जुडग्याकडे गेला. सवयच तशी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडापाशीच त्याचं घर होतं. लाल बांधली तर संध्याकाळी चहा नेहमीच्या वेळेला मिळाला असता. काळी बांधली तर काय झालं असतं, याचा त्याला अंदाजच बांधता येईना, कारण तसं कधी झालंच नव्हतं. मॅडमचं पेन थांबलं होतं. दोरीमागून बायको टाचा उंचावून बघत होती.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून इतिहासाचे सर कळवळले, "अहो, कुणी आहे का? माझं रक्त संपत आलं." त्यांना या वर्षी जीव ओतता येईल अशी जखम मिळाली होती.

तो आवाज कानावर पडला आणि चष्मेवाल्याच्या डोक्यातलं भिंग जागेवर बसलं. जो परत येणार नाही त्याच्यापाशी बसून राहिलो, तर जो येऊ शकतो तोही जातो. हे त्याने स्वतः नव्या स्वयंसेवकांना किती वेळा समजावलं होतं. समजावताना डोळ्यांपुढे परकी माणसं असायची, एवढंच.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "मला पुढे जायला हवं."

"लाल बांधा आणि जा."

"नाही."

हा शब्द त्याच्याच कानाला इतका नवा वाटला की क्षणभर त्याने मागे वळून कोण बोललं ते बघितलं. मग त्याने सासूबाईंचं मनगट उचललं, बांगडीच्या वर काळी पट्टी बांधली, गाठ घट्ट आहे ना ते बघितलं आणि उठला. सासूबाईंनी दोन्ही डोळे उघडले होते. त्या डोळ्यांत काय होतं ते बघायला तो थांबला नाही, आणि खरं सांगायचं तर धाडसही नव्हतं. सरांपाशी जाऊन त्याने लाल पट्टी बांधली. तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि सर त्याला म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसा जरा माझ्याजवळ."

निकाल फार ताणला नाही मॅडमनी. जिमवाल्याने आत शिरल्या शिरल्या पहिला दिसला तो माणूस खांद्यावर टाकला आणि टाळ्यांच्या गजरात मैदानात आणून ठेवला होता. त्या माणसाच्या चिठ्ठीत पायाचं बोट चेंगरलं होतं. मागे तीन लाल चिठ्ठ्या पट्टीची वाट बघत पडून होत्या. मॅडम म्हणाल्या, "तीन माणसं गेली तुमची." मग चष्मेवाल्याकडे वळल्या आणि प्रमुखाची शिट्टी त्याच्या हातात ठेवली. "एकही चूक नाही. हं."

टाळ्या झाल्या. चष्मेवाल्याने शिट्टी मुठीत धरली आणि आनंद कुठून सुरू करायचा ते त्याला कळेना, कारण समोरून बायको येत होती.

"माझ्या जिवंत आईला काळी?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर?"

"चिठ्ठीत तसं लिहिलं होतं."

"आणि चिठ्ठीत लिहिलं असतं विहिरीत ढकल, तर ढकलली असतीस? एक लाल पट्टी बांधायला काय जात होतं तुझं?" तिचे डोळे भरून आले होते. ती वळली आणि चहाच्या टेबलाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. ती खोटं रडत नव्हती. खोट्या मरणाचंही तिला खरंच रडू आलं होतं, आणि तिचा नवरा या घरात टिकला त्याचं एक कारण तिचा हा स्वभावही होता.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सची फेरी आटोपून सर परत आले. मांडीवरचा रंग अजून ओला होता आणि चेहऱ्यावर विजय. "तुमच्या सासूबाईंना माझे आभार सांगा हो," ते म्हणाले. "फार मोठ्या मनाच्या. लाल चिठ्ठी त्यांना निघाली होती. मला काळी. मी रडकुंडीला आलेला पाहून त्याच म्हणाल्या, द्या इकडे, बदलून घेऊ. कोण करतं हो एवढं आजकाल?"

सासूबाईंनी स्वतः होऊन काळी घेतली आणि मग लाल मागितली, हे चष्मेवाल्याच्या डोक्यात बसेना. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती बाई नव्हती. तिला ताक हवं असलं तर ती भांडं समोर आपटायची.

काळ्या पट्टीवाल्यांना मैदानाच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली ठेवलं होतं. जागा झकास होती. सावली, वारा, आणि त्रास द्यायला कुणी नाही. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. हातात चहाचा कप होता, मनगटाला काळी पट्टी तशीच.

"मेलेल्या माणसाने चहा प्यायचा नसतो," चष्मेवाला म्हणाला. हे आपण बोललो याचं त्याला नंतर आश्चर्य वाटलं.

"प्रमुख झालात वाटतं. बसा."

तो बसला. "सर सांगत होते चिठ्ठीचं."

"त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही." सासूबाईंनी कप खाली ठेवला. "हो, मीच बदलून घेतली. मला बघायचं होतं."

"काय?"

"तुम्ही बांधता का ते. मी डोळे वटारले, दुकान काढलं, घर काढलं. अजून थोडा वेळ थांबला असतात तर रडून पण दाखवणार होते." त्या थोडं हसल्या. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात बहिणीकडे जाते म्हणून गेले ना, तेव्हा डॉक्टरकडे गेले होते. हृदयाची झडप कामातून गेलीय. ऑपरेशन करू म्हणतात. या वयात टेबलावरून उठेन का, विचारलं तर छताकडे बघतात."

चष्मेवाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. ओठांची कड निळसर होती. रोज बघत होता तो हा चेहरा, आणि त्याला ते दिसलं नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला.

"डॉक्टर म्हणाले, नाहीच शुद्धीवर आलात तर मशीनवर किती दिवस ठेवायचं, काय करायचं, हे घरातल्या एकाशी आत्ताच बोलून ठेवू. घरात बोलायचं कुणाशी?" सासूबाईंनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे त्यांची लेक अजून पाठमोरीच होती. "तिच्याशी बोलतील? ती लालवर लाल बांधत बसेल. शेवटपर्यंत. नळ्यांवर नळ्या. मला तसं पडून राहायचं नाहीये हो. आणि तुमच्याशी बोलायचं तर तुम्ही 'हो, आई' म्हणणार आणि आयत्या वेळी तिच्या रडण्यालाही 'हो' म्हणणार. म्हणून डॉक्टरांना म्हटलं, रविवारपर्यंत थांबा. मग नाव सांगते."

वाऱ्याने पानं गळत होती आणि एक शालीवर पडलं. या बाईने चष्मेवाल्याला इतक्या वर्षांत एक भाजी निवडू दिली नव्हती आणि आता हे देत होती. त्याला रडावंसंही वाटलं आणि तिला दोन्ही खांदे धरून चांगलं हलवावंसंही वाटलं.

"डॉक्टरकडे किती वाजता जायचंय?" त्याने विचारलं.

"उद्या अकराला. दुकान बंद ठेवा."

"आधी दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवू. छताकडे न बघणाऱ्या." तो म्हणाला. "लाल आहे का पिवळी, ते आधी नीट बघू. काळीचं नंतर."

"बघा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हिला काय सांगू? कधी सांगू?"

"ते मला काय विचारता, जावईबापू?" सासूबाईंनी उशी सारखी केली, शाल ओढली आणि डोळे मिटून आडव्या झाल्या. "मी मेलेय."

चष्मेवाला उठला, पँटवरची धूळ झटकली आणि बायकोकडे चालू लागला. आजच सांगायचं, हे त्याचं ठरलं होतं.